सैनिकांच्या हातातला कागद : अमेरिकेच्या नव्या संविधानाची पहिली कसोटी

मोनोंगाहेलाकाठी (धागाकर्ती)

गेली अकरा वर्षं मी पिट्सबर्गला राहते. आमच्याकडून गाडीने फार लांब नाही, तिथे वुडव्हिल नावाचं एक जुनं घर जपून ठेवलंय. ते जॉन नेव्हिल नावाच्या माणसाचं. मुलीला शाळेसाठी काहीतरी लिहायचं होतं म्हणून आम्ही बघायला गेलो. तिथे कळलं की याच नेव्हिलचं बोवर हिलवरचं मोठं घर १७९४ च्या जुलैत आसपासच्या शेतकऱ्यांनी जाळून टाकलं होतं. त्या जमावाचा म्होरक्या जेम्स मॅकफार्लेन तिथेच गोळी लागून मेला. मॅकफार्लेन स्वातंत्र्ययुद्धात लढलेला अधिकारी, आणि नेव्हिलही त्याच युद्धातला अधिकारी. तह होऊन अकरा वर्षं झाली होती. एकाच फौजेतली माणसं अशी समोरासमोर का आली, हा प्रश्न डोक्यातून जाईना. गेला हिवाळाभर त्यावर वाचत होते. जे समजलं ते इथे मांडते. चुकलं तर सांगा.

संविधानाचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा १७८७ चं फिलाडेल्फियातलं सभागृह, बंद खिडक्या, ५५ प्रतिनिधी आणि त्यांतल्या ३९ जणांच्या सह्या इथून सुरुवात होते. मला वाटतं, सुरुवात सैनिकांच्या पगारापासून करावी.

१७८१ पासून अमेरिकेचा कारभार ज्या करारावर चालत होता त्यात काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे आणि त्यांनी दिले तर घ्यायचे. आयात मालावर ५ टक्के जकात बसवावी असा प्रस्ताव १७८१ साली आला. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागे. बारा राज्यं एकेक करून राजी होत असताना ऱ्होड आयलंडने नकार दिला, आणि तिथेच ते बारगळलं. इकडे फौज कित्येक महिने पगाराविना. १७८३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गच्या छावणीत अधिकाऱ्यांमध्ये एक निनावी पत्र फिरलं. पैसे मिळेपर्यंत शस्त्रं खाली ठेवायची नाहीत, असा त्याचा रोख. सरसेनापती वॉशिंग्टन स्वतः अधिकाऱ्यांच्या सभेत गेला. त्याच्या भाषणाने फारसं कुणी हललं नाही. मग एक पत्र वाचून दाखवायला त्याने खिशातून चश्मा काढला आणि म्हणाला, तुमच्या सेवेत माझे केस पांढरे झाले, आता डोळेही जाऊ लागलेत. समोरच्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बेत तिथेच मोडला. हा प्रसंग सगळे सांगतात. पण पैसे मात्र त्या दिवशीही आले नव्हते, हे सांगायचं राहून जातं.

पुढे त्यांना पैशांऐवजी कागद मिळाला. सरकार तुमचं इतकं देणं लागतं, एवढंच त्यावर लिहिलेलं. व्याजही लावलेलं, पण व्याज द्यायला खजिन्यात काही नाही. शिपाई गावी परतला तर घरी शेत पडीक, दुकानदाराची उधारी थकलेली, कराची मागणी दारात. त्याने तो कागद विकला. आपल्याकडच्या जुन्या हिशोबात सांगायचं तर रुपयाला दोन-तीन आण्यांच्या भावाने. घेणारे शहरांतले दलाल आणि व्यापारी.

मॅसॅच्युसेट्समध्ये याचं पुढचं पाऊल दिसलं. तिथल्या राज्य सरकारने आपले रोखे पूर्ण किमतीने फेडायचं ठरवलं. त्यासाठी जबर कर बसवला आणि तो नाण्यांत भरायचा. पश्चिमेकडच्या खेड्यांत नाणंच नव्हतं. म्हणजे ज्याने आपला कागद पडत्या भावात विकला, त्यानेच आता त्या कागदाची पूर्ण किंमत कर म्हणून भरायची. नाही भरली तर जमीन लिलावात किंवा स्वतः तुरुंगात. १७८६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थॅम्प्टनचं न्यायालय लोकांनी बंद पाडलं. जप्तीचे हुकूमच निघू नयेत, एवढाच हेतू. या बंडाला डॅनियल शेजचं नाव पडलं. तो स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. लाफायेत या फ्रेंच सेनानीने दिलेली तलवार पैशांपायी विकावी लागली, असं त्याच्याबद्दल सांगतात. १७८७ च्या जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर बंडखोरांवर तोफ डागली गेली आणि चार माणसं मेली. बंड मोडायला जी फौज निघाली तिचा खर्च बोस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून केला, कारण सरकारकडे तेवढेही पैसे नव्हते.

फिलाडेल्फियाची सभा चार महिन्यांनी, मे महिन्यात भरली. आता संविधानातली कलमं या बंडासमोर ठेवून वाचा. काँग्रेसला कर बसवायचा अधिकार. राज्यांनी कागदी चलन काढायचं नाही. राज्यांनी करार मोडणारे कायदे करायचे नाहीत. आधीच्या सरकारने घेतलेलं कर्ज नव्या सरकारवर तितकंच बंधनकारक. स्वातंत्र्य, समता वगैरे शब्द १७७६ च्या जाहीरनाम्यात आहेत. १७८७ च्या मसुद्यात देण्या-घेण्याची भाषा जास्त आहे, आणि मला ती कमी प्रतीची वाटत नाही. राज्य टिकतं की नाही ते तिथेच ठरतं.

मंजुरी सहज मिळाली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. ऱ्होड आयलंड तर १७९० च्या मे महिन्यात आलं, ३४ विरुद्ध ३२. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

आता ज्यासाठी धागा काढला ती गोष्ट. १७९० च्या जानेवारीत अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने काँग्रेससमोर कर्जाचा अहवाल ठेवला. देशाचं परदेशी आणि घरचं कर्ज मिळून ५ कोटी ४० लाख डॉलरच्या घरात, आणि राज्यांचं वेगळं सुमारे अडीच कोटी. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्याच्या हातात कागद आहे त्याला पैसे द्यायचे. मूळ कागद कुणाला मिळाला होता हे विचारायचं नाही. ही बातमी खेड्यापाड्यांत पोचायच्या आत न्यूयॉर्कहून सट्टेवाल्यांची तीन जहाजं दक्षिणेकडे कागद विकत घ्यायला निघालीसुद्धा, असं जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सनने भर सभागृहात सांगितलं.

तेव्हा जेम्स मॅडिसन उभा राहिला. या संविधानाची बाजू मांडायला हॅमिल्टनच्या खांद्याला खांदा लावून ज्याने लेख लिहिले तोच मॅडिसन. त्याने सुचवलं की आजच्या धारकाला बाजारात आलेला सर्वांत वरचा भाव द्या, आणि उरलेली रक्कम ज्याने मूळ सेवा दिली त्या सैनिकाला द्या. मत झालं. ३६ विरुद्ध १३ ने मॅडिसन हरला.

माझं मत लपवत नाही. मला मॅडिसन बरोबर वाटतो. हे कर्ज फेडायला लागणाऱ्या पैशांसाठीच १७९१ साली दारूवर कर बसला. तो वसूल करायला आमच्या भागात नेमलेला माणूस म्हणजे नेव्हिल. बोवर हिल का जळालं त्याचं उत्तर मला तिथे सापडलं.

---

गोदाकाठ

धागा मनापासून आवडला. मी बँकेत ३४ वर्षं काढली, म्हणून हॅमिल्टनच्या बाजूने बोलतो.

कागदाची किंमत तो हातोहात फिरण्यात असते. आज सरकारने म्हटलं की विकत घेणाऱ्याला कमी आणि मूळ मालकाला बाकीचं, तर उद्या सरकारी कागद कुणीच घेणार नाही. मग पुढच्या शिपायाला गरजेच्या वेळी दोन आणेसुद्धा मिळायचे नाहीत. घेणाऱ्याने जोखीम घेतली होती. तेव्हा सरकार बुडेल की राहील हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या धंद्यात ‘धारक’ या शब्दाला फार वजन आहे. कागद कायद्याने हातात आला असेल तर आधीचे व्यवहार उकरायचे नसतात.

आणि हॅमिल्टनने धनकोंना सगळंच दिलं असंही नाही. मूळ कर्जावर ६ टक्के व्याज ठरलेलं होतं. नव्या रोख्यांत दोन तृतीयांश रकमेवर ते लगेच सुरू झालं आणि उरलेल्या एक तृतीयांशावर १८०१ पासून. थकलेल्या व्याजाचे रोखे तर ३ टक्क्यांचे. थकीत खात्याची जशी फेररचना करतात तसंच हे आहे. चार-पाच वर्षांत युरोपात अमेरिकेची पत उभी राहिली. नव्या देशासाठी ही किती मोठी गोष्ट आहे हे खातं बुडताना ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

---

मुळामुठा

वाचतोय. पुढचंही लिहा.

एक शंका. राज्यांचं कर्ज केंद्राने का घेतलं? ज्यांनी फेडलं होतं ती राज्यं चिडली नाहीत का?

---

मोनोंगाहेलाकाठी

@मुळामुठा, चिडली तर. व्हर्जिनियाने आपलं बरंच कर्ज फेडलं होतं. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना यांच्या डोक्यावर अजून मोठा बोजा होता. एप्रिल १७९० मध्ये हा प्रस्ताव ३१ विरुद्ध २९ ने पडलासुद्धा. जूनमध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसनने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी हॅमिल्टन आणि मॅडिसनला जेवायला बोलावलं. जेफरसनने पुढे लिहून ठेवलंय त्याप्रमाणे तिथे तडजोड ठरली. दक्षिणेकडची काही मतं कर्जाच्या बाजूने वळवायची, आणि बदल्यात राजधानी दहा वर्षं फिलाडेल्फियात ठेवून मग पोटोमॅक नदीकाठी न्यायची. आजचं वॉशिंग्टन शहर त्यातून जन्मलं.

@गोदाकाठ, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. पत उभी राहिली हे मान्य, आणि व्याजाच्या फेररचनेचा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. पण मॅडिसन धारकाला बुडवा म्हणत नव्हता. बाजारातला सर्वांत वरचा भाव तो देतच होता. सरकारने आपल्या सैनिकाला कागद दिला तेव्हा पैसे नव्हते म्हणून दिला. त्याच्याकडे थांबण्याची ऐपत नव्हती हे सरकारला माहीत होतं. माल विकून पैसे कमावणारा व्यापारी आणि पाय गमावून घरी आलेला शिपाई, दोघांच्या सहीला सारखं वजन कसं द्यायचं?

---

गोदाकाठ

प्रश्न रास्त आहे. पण मग सैनिकाला वेगळं निवृत्तिवेतन द्यायला हवं होतं. रोख्याच्या व्यवहारात हात घालायला नको होता. माझं म्हणणं एवढंच.

---

वादी-प्रतिवादी

मी वकिली करतो, त्यामुळे १७९४ च्या दारूबंडात (बोवर हिल जळालं तेच बंड) मला कायद्याची बाजू जास्त ओढते. ताईंनी ती थोडक्यात आवरली, म्हणून भर घालतो.

पहिली गोष्ट, त्या कराची रचना. ॲलेगेनी डोंगरांच्या पलीकडे रोख पैसा नव्हताच. धान्य घोड्यावर लादून डोंगर ओलांडायचं तर एका घोड्यावर चार बुशेल (बुशेल हे धान्याचं माप) जाई. त्याचीच दारू काढली तर चोवीस बुशेल धान्याचा माल तोच घोडा नेई, असा तेव्हाचा हिशोब सांगतात. दारू हेच तिथलं चलन होतं. मजुरीसुद्धा दारूत देत. त्यावर रोखीत कर म्हणजे नसलेल्या नाण्याची मागणी. वर खटला झाला तर हजेरी फिलाडेल्फियाला, पाचशे किलोमीटरच्या आसपास दूर. १७९४ च्या जूनमध्ये कायदा बदलून जवळच्या न्यायालयात खटले चालवायची सोय केली होती. पण जुलैत जी समन्सं बजावली गेली ती जुन्या कायद्याखालची, फिलाडेल्फियाची. भडका तिथे उडाला.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. राष्ट्राध्यक्षाला राज्यांची मिलिशिया, म्हणजे नागरिकांतून उभी केलेली फौज, थेट बोलावता येत नव्हती. १७९२ च्या कायद्याप्रमाणे आधी न्यायाधीशाने लिहून द्यायचं की इथे नेहमीच्या न्यायप्रक्रियेने कायदा अमलात आणणं अशक्य झालंय. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांनी ४ ऑगस्ट १७९४ ला तसं पत्र दिलं. त्यानंतर जाहीरनामा, घरी परत जायला मुदत, बोलणी करायला आयुक्त, आणि मगच फौज. फौज मात्र मोठी, सुमारे १३,००० माणसांची. वॉशिंग्टन स्वतः बेडफर्डपर्यंत गेला. बंडखोर पांगलेले होते. देशद्रोहाच्या आरोपात दोघे दोषी ठरले आणि दोघांनाही वॉशिंग्टनने माफी दिली.

शेजच्या वेळी वर्गणीतून उभी राहिलेली फौज आणि इथे न्यायमूर्तीच्या पत्रावर निघालेली फौज. सात वर्षांत झालेला बदल एवढ्यात दिसतो. ताईंची सहानुभूती शेतकऱ्यांकडे आहे, माझीही आहे. तरी संविधान कागदावरून जमिनीवर उतरताना पाहायचं असेल तर मी ४ ऑगस्टच्या त्या पत्राकडे बोट दाखवीन.

आपल्या संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेचं उदाहरण सविस्तर घेतलं होतं. राज्यांना फुटून जायचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकनांना यादवी युद्ध करावं लागलं, म्हणून आपल्याकडे ते आधीच स्पष्ट करून ठेवलं, असं ते म्हणाले होते. ऱ्होड आयलंड दोन मतांनी आत आलं हे वाचलं की त्या वाक्याचा अर्थ नीट पोचतो.

---

बखरनवीस

धाग्याच्या विषयाला थोडी बगल देतो, पण हा दुवा खरा आहे. अमेरिकेचं युद्ध चालू होतं त्याच वर्षांत इकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपलं. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली तो कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९२ साली संपलेल्या टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या बाजूने होत्या. त्याची कबर गाझीपूरला आहे. अमेरिकनांच्या इतिहासात तो यॉर्कटाउनला संपतो, आपल्या इतिहासात तिथून सुरू होतो.

---

रानजाई

सगळं वाचलं. चर्चा उत्तम आहे, पण एक मोठी जागा रिकामी राहिली आहे. या सगळ्या हिशोबात गुलाम कुठे आहेत?

१७९० च्या पहिल्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती. त्यातले जवळपास ७ लाख गुलाम होते. मूळ संविधानात ‘गुलाम’ हा शब्द एकदाही येत नाही, पण पाच गुलामांची तीन माणसं धरून प्रतिनिधी वाटून घेतले, १८०८ पर्यंत गुलामांची आयात थांबवायला मनाई केली, आणि पळालेला माणूस मालकाला परत करायची अटही घातली.

ताई, तुम्ही फेब्रुवारी १७९० ची ती ३६ विरुद्ध १३ ची गोष्ट लिहिलीत. त्याच महिन्यात, त्याच सभागृहात गुलामगिरीविरुद्धचे अर्ज आले होते. एकावर बेंजामिन फ्रँकलिनची सही होती. दोन महिन्यांनी तो वारला. सभागृहाने काही दिवस वाद घातला आणि मार्चमध्ये ठरवलं की गुलामांच्या मुक्तीत हात घालायचा काँग्रेसला अधिकार नाही. सैनिकाच्या कागदावर निदान मत तरी झालं.

आणि राजधानीच्या तडजोडीबद्दल. ती फिलाडेल्फियाला गेली तेव्हा पेनसिल्व्हेनियात असा कायदा होता की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर स्वातंत्र्य मागू शकतो. वॉशिंग्टन आपल्या घरातल्या गुलामांना सहा महिने भरायच्या आत राज्याबाहेर पाठवून परत आणत असे. त्यातली ओना जज ही तरुणी १७९६ च्या मे महिन्यात घरातली मंडळी जेवत असताना निघून गेली, ती जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. माणसं पाठवली गेली, तरी ती परत गेली नाही. १८४८ मध्ये ती वारली, तेव्हाही कायद्याच्या नजरेत ती पळालेली गुलामच होती. तिला परत आणायचा हक्क देणारा १७९३ चा कायदा वॉशिंग्टनच्याच सहीचा.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, ती त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी जे सोसलं त्याबद्दल. त्या अर्पणपत्रिकेआधीची ऐंशी वर्षं कशी गेली ते या अर्जांपासून वाचायला हवं.

---

मुळामुठा

रानजाई, +१. ओना जजबद्दल पहिल्यांदाच वाचलं.

---

मोनोंगाहेलाकाठी

@रानजाई, तुमचं म्हणणं मला लागलं, आणि ते बरोबर आहे. फेब्रुवारीतले ते अर्ज मी वाचले होते आणि ‘वेगळा विषय’ म्हणून बाजूला ठेवले. ते वेगळे नव्हते. मुलीच्या लेखात आम्ही ओना जजला आणणार आहोत.

@वादी-प्रतिवादी, न्यायमूर्ती विल्सनचं पत्र मी पुरेसं मनावर घेतलं नव्हतं. ते मान्य करते. तो दारूवरचा कर पुढे जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना १८०२ मध्ये रद्द झाला.

@गोदाकाठ, तुम्ही निवृत्तिवेतन म्हणालात म्हणून पुढचं शोधलं. ते आलं, १८१८ मध्ये. युद्ध संपून ३५ वर्षांनी, आणि तेही फक्त गरजूंना. साध्या शिपायाला महिना ८ डॉलर, अधिकाऱ्याला २०. अर्ज इतके आले की १८२० मध्ये नवा नियम निघाला. म्हाताऱ्या सैनिकांनी न्यायालयात जाऊन आपल्याकडे काय काय आहे त्याची यादी शपथेवर द्यायची.

जोसेफ प्लंब मार्टिन नावाचा एक शिपाई होता. कनेक्टिकटचा, पंधराव्या वर्षी भरती झालेला, यॉर्कटाउनला हजर असलेला. युद्धानंतर तो ईशान्येकडच्या मेन भागात जाऊन रानातली जमीन कसू लागला. त्या जमिनीवर हेन्री नॉक्सने मालकी सांगितली. नॉक्स म्हणजे त्याच फौजेचा जनरल, वॉशिंग्टनचा युद्धमंत्री. दावा नॉक्सच्या बाजूने लागला आणि मार्टिनकडून जमिनीचे १७० डॉलर मागितले गेले. ते त्याला कधीच भरता आले नाहीत, हळूहळू जमीन गेली. निवृत्तिवेतनासाठी त्याने शपथेवर दिलेल्या यादीत अंथरूण आणि अंगावरचे कपडे सोडून दोन गायी, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर आहे.